तिवर आणि कुर्म

बहरीनमधल्या मराठी माणसाला समुद्र भेटतो तो बहुधा गाडीच्या काचेतून. एखाद्या सुट्टीच्या सकाळी ओहोटीची वेळ पाहून तुबली खाडीत रास सनदला जाऊन बघा. चिखलात उभी असतात ती आपल्याकडची तिवरं. वाशीच्या पुलावरून दिसतात तीच. अरबीत त्यांना 'कुर्म' म्हणतात.

ही खाडी १९९७ पासून रामसर स्थळ आहे, तरी भरावाने तिचा बराच भाग गिळला. आता २०३५ पर्यंत कांदळवनं चौपट करण्याचा देशाचा संकल्प आहे. रोपं लावायला, किनाऱ्यावरचं प्लास्टिक उचलायला, शाळकरी मुलांना खाडी दाखवायला हात हवेतच. अरबी येत नाही म्हणून काही अडत नाही. मुलांना तिवराच्या पानावरचे मिठाचे कण दाखवा, चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली श्वसनमुळं दाखवा. पुढचे प्रश्न तीच विचारतात.

"आपण इथे किती दिवसांचे?" असं मित्र म्हणतात. खरं आहे. माझा पोस्टडॉकचा करार दोन वर्षांचा. रोपाचं झाड झालेलं मी बहुधा पाहणार नाही. पण आपल्या मंडळातली मुलं कोकणात पाहुणी आणि इथे परदेशी म्हणून वाढताहेत. निदान एक झाड त्यांना दोन्ही किनाऱ्यांवर नावाने ओळखता यावं, असं मला वाटतं.

तेव्हा जुने बूट, टोपी, पाणी घ्या आणि मुलांनाही आणा.