दादरा

१९८१ साली लग्न होऊन ती मिरजेला आली, तेव्हा सामानात एक चिनी मातीची बरणी होती. वर तपकिरी, खाली पांढरी, पाचेक किलोची. ट्रंकेत मावेना म्हणून प्रवासभर तिने ती मांडीवर धरली होती.

मी मालगाडीचा गार्ड. त्या काळी मिरज जंक्शनला तिन्ही गेज होते: पुण्या-कोल्हापूरकडे ब्रॉडगेज, लोंढ्याकडे मीटरगेज, पंढरपूरकडे नॅरोगेज. माझी ड्यूटी लोंढ्याच्या बाजूची. सिग्नल मिळाला नाही की गाडी तासन्‌तास रानात उभी. माझ्या लाइन बॉक्समध्ये झेंडे, हातबत्ती, धोक्याचे फटाके आणि शेजारी फडक्यात गुंडाळलेली लोणच्याची बाटली. भाकरी कडक व्हायची, भाजी आंबायची. लोणचं मात्र तिसऱ्या दिवशीही तसंच. ब्रेकव्हॅनमध्ये एकट्याने जेवताना घराची सोबत म्हणून तेवढंच असायचं.

दरवर्षी मे महिन्यात बरणीला नवा दादरा मिळायचा. जुन्या सुती साडीचा चौकोनी तुकडा, धुऊन कडक उन्हात वाळवलेला. बरणीच्या तोंडावर तो ताणून ती सुतळीची सुरगाठ मारायची. एका ओढीत सुटेल अशी. ओला चमचा बरणीत जाता कामा नये, फोडींवर तेल उभं राहिलंच पाहिजे. नाहीतर बुरशी धरते. या बाबतीत तिने कधी कुणाला सूट दिली नाही.

२०२२ च्या मे महिन्यातही तिने लोणचं घातलं. श्रावणात ती गेली.

दिवसकार्य आटोपून लेक सासरी परतली. मी डबा लावला. सकाळचा पेपर संध्याकाळपर्यंत घडीतच पडून राहायचा. दारावरची बेल वाजली तरी उठावंसं वाटायचं नाही. फक्त जेवताना लोणच्याची एक फोड घ्यायचो, मोजून एकच. तिच्या हातचं म्हणून घरात तेवढंच उरलं होतं. फेब्रुवारीत चमचा तळाला खरवडला. शेवटची फोड खाणं मला जमलं नाही. ती तशीच ठेवून दादरा बांधला आणि बरणी माळ्यावर चढवली. पुढचा मे आला आणि गेला.

२०२४ च्या उन्हाळ्यात शेजारची सून दारात आली. "काका, काकूंची बरणी मिळेल का? आमची फुटली." बघतो म्हणालो आणि बरणी खाली काढली. सुतळी ओढली, गाठ सुटली. ती फोड वाळून काळी होऊन तळाला चिकटली होती. वास मात्र मोहरीचा आणि हिंगाचाच. स्वयंपाकघरात खाली बसून मी खूप रडलो. मग बरणी धुतली.

फळीवर कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' होती. लोणच्याच्या पानावर तिचं पेन्सिलीतलं अक्षर: 'किलोला मीठ २०० ग्रॅम. फोडणी पूर्ण गार झाल्यावरच घालणे.' आणि त्याखाली चौदा घरांची यादी, कुणाला किती बाटल्या त्यासकट. मी बराच वेळ ती वाचत राहिलो. आम्ही दोघं मिळून वर्षाला किलोभर लोणचंही खात नव्हतो. मग पाच किलोची बरणी कशाला, हे चाळीस वर्षांत माझ्या मनातही आलं नव्हतं.

शेजारच्या सुनेला सांगितलं, "यंदा बरणी नको, लोणचंच घेऊन जा."

लक्ष्मी मार्केटात मी किलोभर कैरी मागितली. अडकित्त्याने फोडी करून देणाऱ्या बाई म्हणाल्या, "किलोचं कुठं लोणचं असतंय, काका?" चार किलो घेतली.

सगळ्यात अवघड गेला तो दादरा. तिच्या कपाटाला मी तोवर हात लावला नव्हता. धुऊन धुऊन मऊ झालेली एक निळी साडी काढली, कात्री हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी पदराला धक्का न लावता आतल्या बाजूचा चौकोन कापला.

लोणचं मुरल्यावर पिशवीत बाटल्या घालून यादीतल्या घरी गेलो. काही घरांत तिच्यानंतर पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. कुणी चहाला बसवलं, कुणी तिच्या आठवणी काढल्या. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. एका बाटलीतून साखर आली, एकीतून मेतकूट. शेजारची छोटी मात्र बाटली देताना म्हणाली, "आजोबा, मीठ जास्त झालंय."

त्या रात्री पेन्सिलीला टोक केलं आणि तिच्या अक्षराखाली लिहिलं: 'पुढच्या वर्षी मीठ थोडं कमी.' लिहून झाल्यावर लक्षात आलं, 'पुढच्या वर्षी' हे शब्द माझ्या हातून किती दिवसांनी उमटले होते.