आमचं पुसेगाव ड्युप्लिकेट नाही!

‘गाव कुठलं?’
‘पुसेगाव.’
‘अरे वा, सेवागिरी महाराजांचं! यात्रेत रथाला नोटा लावतात ते ना?’

पुण्यात आल्यापासून हा संवाद इतक्या वेळा झालाय की उत्तर तोंडपाठ आहे. नाही हो, ते साताऱ्याचं. आमचं हिंगोली जिल्ह्यातलं. ‘अच्छा, म्हणजे दुसरं!’ असं म्हणून समोरचा विषय बदलतो. एकदा तर अण्णांचा नवा चष्मा साताऱ्याची सहल करून परत माझ्याकडे आला. त्यामुळे ‘ड्युप्लिकेट’ या शब्दाची मला जरा ॲलर्जीच आहे.

अण्णा झेडपीच्या शाळेतले निवृत्त मास्तर. गावातल्या हळदवाल्यांच्या सगळ्या नोटिसा तेच टाइप करतात. मी त्यांच्या लॅपटॉपवर एक ओपन सोर्स प्रोग्रॅम टाकून दिला होता. फुकट, आणि चोरीचाही नाही! एके दिवशी नोटिशीची पीडीएफ काढून त्यांनी चाळीस प्रिंट मारल्या. स्क्रीनवर ‘शेतकऱ्यांना’, कागदावर ‘शेतकर्यांना’. अण्णांनी चाळीसच्या चाळीस कागद लाल पेनने दुरुस्त केले आणि मग मला फोन केला. ‘दऱ्या वेगळ्या आणि दर्या वेगळा, एवढं तुमच्या कॉम्प्युटरला कळत नाही का गं?’

कळतं, पण सांगावं लागतं. र, हलन्त आणि य एवढंच दिलं तर कॉम्प्युटर रफार काढतो. ‘ऱ्य’ हवा असेल तर एक तर नुक्ता असलेला ऱ टाइप करायचा, नाही तर हलन्तानंतर एक न दिसणारं अक्षर घालायचं. त्याचं नाव झीरो विड्थ जॉइनर. अण्णांचा कीबोर्ड हे दुसरं करतो, आणि पीडीएफ काढताना प्रोग्रॅम ते अदृश्य अक्षर गिळून टाकत होता. हिंदीला हे रूप लागतच नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

रात्री दोनला बसून मी रिपोर्ट टाकला. सकाळी चहा घेताना बघते तर बंद! ‘ड्युप्लिकेट’ असा शेरा आणि खाली एका जुन्या रिपोर्टचा नंबर. तो उघडला. कुणा हिंदीवाल्याची तक्रार होती, रफार भलत्याच अक्षरावर बसतो म्हणून. तिथे दोष फॉन्टचा निघाला होता.

मग काय, जुंपली आमची. मी लिहिलं, हे वेगळं आहे. तो म्हणाला, दिसायला तर तेच दिसतंय. चार दिवस हेच. मध्ये मी त्याला असं काही लिहिलं की आता वाचताना कान गरम होतात. शेवटी तिसऱ्याच कुणीतरी येऊन ‘जरा सभ्यपणे’ म्हणून सांगितलं.

त्याचीही बाजू होतीच. मोझिलाने 1998 मध्ये बगझिला सगळ्यांसाठी खुलं केलं, तेव्हापासून जगभरचे लोक तिथे तक्रारी टाकतायत, आणि एकच तक्रार पन्नास जण टाकतात. सगळ्या उघड्या ठेवल्या तर दुरुस्त नेमकी कुठली करायची? शिवाय आमचा हा गृहस्थ स्वयंसेवक, म्हणजे दिवसभर नोकरी करून रात्री दुसऱ्यांचं रडगाणं ऐकणारा. पण 2008 मध्ये काही संशोधकांनी एक्लिप्स या प्रकल्पाचे रिपोर्ट तपासले होते. मूळ रिपोर्टमध्ये नसलेली, उपयोगी पडणारी माहिती ड्युप्लिकेट म्हणून बंद केलेल्यांत त्यांना सापडली. बंद करणाऱ्याला नंबर दिसतो हो, आत काय लिहिलंय ते कोण बघतंय?

पाचव्या दिवशी त्याने मागितलं, ‘छोटीशी फाइल द्या.’ हे खरं तर मी पहिल्याच रात्री द्यायला हवं होतं. अण्णांची नोटीस छाटत छाटत एका शब्दावर आणली. ‘शेतकऱ्यांना’, दोनदा. एकदा नुक्त्याच्या ऱ ने, एकदा अदृश्य अक्षर घालून. फॉन्ट तोच. पीडीएफमध्ये पहिला बरोबर, दुसरा चूक. फॉन्टचा दोष असता तर दोन्ही चुकले असते. तासाभरात रिपोर्ट पुन्हा उघडला. ‘तुमचं बरोबर आहे, कारण वेगळं आहे.’ सॉरी नाही, काही नाही. मीही म्हटलं नाही म्हणा.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मी आणखी एक रिपोर्ट टाकला होता. राज्य सरकारने 2009 च्या जीआरमध्ये दिलेला मराठी वळणाचा ‘ल’ त्यात दिसत नाही, म्हणून. तोही त्याने ड्युप्लिकेट ठरवला. मी बाह्या सरसावून जुना रिपोर्ट उघडला, तर शब्दन् शब्द माझाच वाटावा असा! ब्राउझर गुपचूप बंद केला.

‘शेतकऱ्यांना’ अजून दुरुस्त व्हायचाय. तोवर अण्णा नुक्त्याचा ऱ शोधून शोधून टाइप करतात आणि दर रविवारी फोनवर चौकशी करतात.

‘तो माणूस कुठला गं?’

‘माहीत नाही अण्णा. जर्मनीबिर्मनीचा असेल.’

‘त्याला पुसेगाव सांगितलंस ना? पण हिंगोलीचं म्हणून सांग बाई, नाही तर त्याचं उत्तर जाईल साताऱ्याला.’