अंगणवाडी आणि मानधन

वर्गात शब्दांची घडण शिकवताना आम्ही दोघेही हमखास ‘अंगणवाडी’ हा शब्द फळ्यावर लिहितो. अंगण आणि वाडी. विद्यार्थ्यांना समास लगेच सुटतो. त्यामागचा इतिहास सांगायला मात्र तास पुरत नाही.

नूतन बाल शिक्षण संघ १९२६ साली भावनगरला स्थापन झाला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्यापुढे तेव्हा मुख्यतः शहरातली मुले होती. पुढे दादरच्या शिशुविहारातही तेच. १९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी निघाली, पण वस्तीतली मुले येईनात. तेव्हा बाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. शंखशिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम सुरू झाले. मुलगी शाळेत यायची, तर तिच्या कडेवरच्या भावंडाचे काय? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. कोणते मूल बाहेर राहिले, हे पाहत पाहत संस्था वाढत गेली.

ताराबाई १९७३ साली गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत.

हे सारे आम्ही मोठ्या तन्मयतेने शिकवत आलो. दरम्यान आमची मुलगी दहा महिन्यांची असल्यापासून गल्लीतल्या एका पाळणाघरात वाढत होती. तिला पहिला घास भरवला तो तिथल्या मावशींनी. तिचे पहिले पाऊलही त्यांनीच पाहिले. एकदा मावशींनी महिन्याला दोनशे रुपये वाढवून मागितले. त्याच आठवड्यात आमच्यापैकी एकाचे अनुताईंवर व्याख्यान झाले होते, टाळ्याही मिळाल्या होत्या. आम्ही मावशींना म्हणालो, “बघू.” तीन महिने बघतच राहिलो. मावशींनी विषय पुन्हा काढला नाही आणि मुलीच्या वाटचा वरणभातही कधी कमी केला नाही.

अंगणवाडी सेविकेला आजही वेतन नव्हे, ‘मानधन’ मिळते. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ मधील निकाल यावा लागला. अंगणातले काम देशाएवढे झाले. ते करणाऱ्या बाईला काय द्यायचे, हा प्रश्न मात्र सरकारनेही आमच्यासारखाच ‘बघू’ म्हणून टांगून ठेवला.

मुलगी आता दहावीत आहे. परवा मावशी रस्त्यात भेटल्या, तिच्या गालावरून हात फिरवून गेल्या. दोनशे रुपयांचे त्यांना आठवतही नसेल. आम्हांला आठवते. यंदापासून फळ्यावर ‘अंगणवाडी’शेजारी ‘मानधन’ हा शब्दही लिहायचे ठरवले आहे. विद्यार्थी समास सोडवतील. त्यातला मान किती आणि धन किती, हे आधी आम्हांलाच सांगावे लागेल.