तात्पुरतं पॅकिंग



बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. तब्येत ठीक आहे, काळजी नसावी. कारण होतं गाडीचं. आमच्या फियाटला खोकला झाला होता.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. ही 1978 ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, पण मूळ घराणं इटलीच्या फियाट अकराशेचं, म्हणून आमच्या तोंडात अजूनही फियाटच. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 पासून बंद झाली, त्या दिवशी मी मुद्दाम आमची गाडी धुऊन काढली होती.

मी निवृत्त झालो तेव्हा धाकट्या भावाने ती यवतमाळहून ट्रकवर टाकून आणली. खाली पत्रा सडलेला, इंजिन जाम. तो शेतातली डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा, त्यामुळे हात तयार होता. मी बी.ए. मराठी. माझं काम म्हणजे नट रॉकेलमध्ये बुडवून ठेवणं आणि कोणता कुठून निघाला ते वहीत लिहून ठेवणं. कापूस ठेवायच्या खोलीत आम्ही दोघांनी दोन वर्षं घालवली आणि 2011 च्या दिवाळीत ती चालू झाली. भाऊ 2021 मध्ये गेला. तेव्हापासून मी इंजिनला पाना लावला नव्हता. तेल-पाणी बघायचं, एवढंच.

आता आजार. देवळीहून वर्धा 17-18 किलोमीटर. एका सकाळी सेलसुऱ्याच्या अलीकडे गुरांचा कळप आडवा आला म्हणून थांबलो, तर इंजिन वर-खाली होऊ लागलं आणि कार्बोरेटरमधून ‘फट् फट्’ आवाज. ॲक्सिलेटर दाबला की आधी अडखळायची, मग पळायची. पळताना मात्र बरी. सहज चोक अर्धा ओढला, तर एकदम शांत झाली. चोक ओढला की हवा कमी होते आणि पेट्रोल जास्त खेचलं जातं. म्हणजे दुखणं उघड होतं. इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी.

घरी येऊन चारही प्लग काढले. निरोगी प्लगचं टोक कॉफीच्या रंगाचं असतं. हे चारही पांढरे, अगदी खडूसारखे. खडू मी ओळखतो!

मग मी निदान करून टाकलं : पेट्रोल. आणि ते अगदीच हवेतलं नव्हतं बरं का. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त 9 किलो. 2022 च्या मध्यापर्यंत आपल्याकडे पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल आलं आणि 2025 मध्ये 20 टक्के. अशा पेट्रोलला साधारण साडेतेरा किलोच हवा पुरते. नव्या गाड्यांत सेन्सर असतो, तो पेट्रोल वाढवून घेतो. आमच्या कार्बोरेटरच्या जेटचं भोक मात्र जेवढं आहे तेवढंच. म्हणजे जेट तोच राहिला तर हवा थोडी जास्त होणारच. हे सगळं मी भेटेल त्याला समजावून सांगत होतो. सौ. म्हणाली, “शाळा सुटली, आता तरी बस करा.”

दीड महिना असाच गेला. चोक अर्धा ओढून गाडी चालवायची आणि पेट्रोलला नावं ठेवायची.

शेवटी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा आला. मेकॅनिक आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “सरजी, उभी असताना खोकलते का पळताना?”

“उभी असताना.”

“मग पेट्रोल कमी कसं जी? पेट्रोल कमी पडलं असतं तर पळताना मेली असती. अन् पेट्रोलच बदललं म्हणता, तर दोन्हीकडे खोकलली असती न.”

मंडळी, हे मला कळत नव्हतं असं नाही. गाडी उभी असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, इंजिन जोरात हवा ओढत असतं आणि आत जाणारं मिश्रण अगदी थोडं असतं. कुठे बारीक फट असली तर चोरून शिरणारी हवा तेव्हाच जास्त जाणवते. वेग वाढला की तेवढ्या हवेची किंमत राहत नाही. उलट जेटमध्ये कचरा असेल किंवा पंप थकला असेल तर जास्त मागणीच्या वेळी, म्हणजे वेगात, गाडी दम टाकते. भावानेच मला हे सांगितलं होतं आणि माझ्या वहीत ते लिहिलेलंही होतं.

तरी त्याने दोन्ही तपासलं. इंजिन गार झाल्यावर कॉइलची वायर काढून पेट्रोलचा पाईप बाटलीत धरला आणि स्टार्टर मारला. पंपाच्या पिचकाऱ्या जोरदार. मेन जेट फुंकला, स्वच्छ. मग इंजिन चालू करून तेलाच्या कुपीने एकेका जोडावर थेंब सोडत गेला. कार्बोरेटरचं बूड इंजिनवर जिथे बसतं तिथे मागच्या बाजूला थेंब पडला आणि इंजिन क्षणभर शांत झालं. तेलाने फट बुजली होती. तेल आत ओढलं गेलं की पुन्हा खोकला.

“पॅकिंग गेलं जी. खोलू का?”

मी लगेच हो म्हणालो नाही. ते पॅकिंग भावाने बसवलेलं होतं. त्या दिवशी वर्ध्याला तयार पॅकिंग मिळालं नव्हतं, म्हणून त्याने माझ्या जुन्या हजेरीबुकाचा पुठ्ठा कात्रीने कापला होता. दीड महिना मी कशापासून पळत होतो ते तेव्हा मला नीट समजलं. दोष गाडीत असेल तर तो आमच्या दोघांच्या कामात, त्यातही त्याच्या हातात निघाला असता. पेट्रोलला बोल लावणं सोपं होतं.

“सरजी, असंच चालवलं तर गरम होऊन व्हॉल्व जळतीन,” तो म्हणाला. मी पाना त्याच्या हातातून घेतला आणि नट स्वतः काढले.

पुठ्ठा आकसून कडक झाला होता, मागच्या कडेला तडा गेलेला. एका बाजूला माझंच अक्षर, ‘इयत्ता 8 वी ब’. नवीन पॅकिंग बसवलं, नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले, मग मिक्श्चरचा स्क्रू जुळवला. तो जुन्या पेट्रोलपेक्षा किंचित जास्त उघडावा लागला. म्हणजे पेट्रोलचाही थोडा वाटा होताच. पण मुख्य फट आपल्या घरची. वर्ध्याच्या दोन फेऱ्या करून प्लग काढले, तर टोकावर तपकिरी रंग यायला लागला होता.

रात्री नागपूरला पुतण्याला फोन केला. त्याला सांगावं की नाही, असं वाटत होतं. सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, “मोठेबाबा, बाबा तेव्हाच म्हणाले होते न, हे तात्पुरतं आहे, दादाला सांग बदलून घ्यायला. मीच सांगायचं विसरलो.”

तात्पुरतं पॅकिंग जवळजवळ चौदा वर्षं टिकलं. आणि मी त्याच्या कामावर बोट ठेवायला घाबरत होतो!

असो. पुतण्या दिवाळीला येतोय. व्हॉल्वचा गॅप बघायचा आहे, तो आम्ही दोघं मिळून बघू. वही मी काढून ठेवली आहे.