चित्राचं माप

पानावर फोटो किती मोठा लावायचा, ते फोटोच सांगतो. वाचनालयांच्या आणि शाळांच्या स्मरणिका मी स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावतो. २०१७ च्या १.५.३ आवृत्तीपासून त्यात देवनागरीची जोडाक्षरंही नीट बसू लागली, त्यामुळे मजकुराची काळजी कमी झाली आणि फोटोंना वेळ देता येऊ लागला.

स्क्रायबस फोटो पोटात घेत नाही. पानावर आपण चौकट आखतो, तिला फाइलचा पत्ता देतो. मूळ फाइल फोल्डरमध्ये जशीच्या तशी राहते. चौकट लहान केली की फोटोची कड झाकली जाते, कापली जात नाही. सामूहिक फोटोत अगदी टोकाला उभ्या असलेल्या शिक्षिका संपादकांना उद्या हव्या झाल्या, तर चौकट ओढली की त्या परत दिसतात. मला हे फार मोलाचं वाटतं. स्मरणिकेत कोण दिसणार आणि कोण बाहेर राहणार, हा निर्णय शेवटच्या प्रुफापर्यंत बदलता आला पाहिजे. त्यासाठी फोल्डर मात्र शिस्तीत हवा. काम दुसऱ्या संगणकावर न्यायचं तर ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ने पानं, फोटो, फॉन्ट सगळं एकत्र गोळा करायचं.

मापाचा हिशेब सोपा आहे. ऑफसेट छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. मोबाइलवर आलेला फोटो १६०० पिक्सेल रुंद असेल, तर पानावर तो सव्वापाच इंचांच्या आसपास शोभतो. दुप्पट ताणला तर इंचाला १५० उरतात आणि सत्कारमूर्तींचे डोळे विरघळल्यासारखे दिसतात. याउलट अल्बममधला चार बाय सहा इंचांचा फोटो स्कॅनरवर ६०० ने घेतला, तर तो आठ बाय बारापर्यंत जाऊ शकतो. मूळ प्रिंट तेवढी रेखीव हवी, एवढंच. म्हणून मी मंडळींना विनवतो, मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका, अल्बमच घेऊन या.

माझा सगळ्यात जास्त वेळ या जुन्या फोटोंवर जातो. पिवळट पडलेला कृष्णधवल फोटो तसाच चार रंगांत छापला आणि एखादी प्लेट केसभर सरकली, तरी पांढऱ्या पागोट्यावर गुलाबी किंवा हिरवट झाक येते. म्हणून गिंप या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आधी ग्रेस्केल करतो. मग लेव्हल्समध्ये मधल्या छटा थोड्या उजळ ठेवतो, कारण मॅपलिथो कागद शाई पितो, ठिपके पसरतात आणि काळ्या कोटाच्या घड्या बुजतात. शेवटी स्क्रायबसच्या प्रिंट प्रिव्ह्यूत सियान, मजेंटा आणि पिवळा बंद करून बघायचं. नुसत्या काळ्यात फोटो पूर्ण दिसला, तर तो एकाच शाईत छापला जाणार.

ओरखडे आणि बुरशीचे डाग गिंपच्या हील टूलने निघतात. इथे मात्र हात आवरावा लागतो. जुन्या पिढीतल्या कितीतरी चेहऱ्यांवर देवीचे व्रण असतात, आणि हील टूलला धूळ आणि व्रण सारखेच. मी फोटो खूप मोठा करून बघतो. डाग चेहऱ्यावरून मागच्या पडद्यावर गेलेला असेल, तर तो कागदाचा, तो काढतो. गालापुरताच असेल तर आधी घरच्यांना विचारतो. त्यांचं उत्तर येईपर्यंत तो गाल आहे तसाच राहतो.