फेणी खंयची?

पणजी

ती. काकांस,

गोव्यातली तावेर्न, म्हणजे दारूचे छोटे गुत्ते, टिपायला तुम्ही दिलेल्या वहीत पहिली नोंद पडली ती फोंतेनासमधल्या जोसेफ बारची. जागा एवढीशी, की संध्याकाळी निम्मं गिऱ्हाईक गल्लीतच ग्लास धरून उभं असतं. त्यात पर्यटक बरेच, पण त्यासाठी मी गुण कापले नाहीत.

मात्र गावोगावची तावेर्न ही अशी गाजलेली नसते. घराचीच पुढची खोली, गुळगुळीत झालेलं लाकडी काउंटर, येशूच्या तसबिरीपुढे लुकलुकणारा दिवा. बाटल्यांच्या शेजारी साबण, मेणबत्त्या आणि अंडीही विकायला. जेवणानंतर दार बंद. मालक झोपतो आणि गिऱ्हाईकही झोपतं. आपल्याकडच्या परमिट रूमच्या काळ्या काचा आठवा. तिथे शिरताना माणूस आधी मागे बघतो. इथे आत बसलेल्या म्हाताऱ्याला शाळेतून परतणारी नात रस्त्यावरून हाक मारते आणि तो आपला पेग हातात धरूनच तिच्याशी बोलतो.

वहीत तुम्ही 'दर', 'सोयी', 'स्वच्छता' असे रकाने आखलेत. ते भरतोय, पण त्यांनी काही उलगडत नाही. मी एक रकाना वाढवला आहे: फेणी खंयची? म्हणजे, कुठली? हा प्रश्न टाकला की अबोल मालकही स्टूल पुढे ओढतो.

मडगाव

इकडे सासष्टीत त्याच प्रश्नाला उत्तर येतं, "माडाची." उत्तरेकडे काजू, इकडे नारळ. रेंदेर माडावर चढून सूर, म्हणजे माडी, उतरवतो आणि तिची फेणी होते. पूर्वी पोदेर, म्हणजे पाववाले, पावाचं पीठही याच सुरेने फुगवायचे, म्हणजे पाव आणि पेग दोन्ही एकाच झाडाचे! आता चढणारे कमी झालेत. ज्यांचे बाप रेंदेर होते ती मुलं आखातात नाहीतर बोटीवर. त्यामुळे माडाची फेणी मिळेल त्या तावेर्नपुढे मी चांदणी काढतो, मग खुर्च्या मोडक्या का असेनात.

एका मालकाने बाटली उलटीसुलटी हलवून उजेडात धरली. वर बारीक मण्यांची कडी जमली आणि बराच वेळ टिकली. "हें पळय," एवढंच म्हणाला. मणी लगेच फुटले तर माल हलका, कुणी पाणी घातलं असेल. लेबल त्याने वाचलंच नाही. वाचायला लेबल नव्हतंच.

वाळपई

सत्तरीत आलो ते भट्टीसाठी. काजूच्या बागांत सध्या चालताना बोंडं पायाखाली येतात. बोंड झाडावरून तोडायचं नाही, आपसूक गळलेलंच वेचायचं. बी पिळून वेगळी काढायची आणि बोंडं पायांनी तुडवायची. तुडवलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने आवळून वर धोंडा ठेवला की जो रस ठिबकतो तो निरो. थंडगार निरो मी दोन पेले प्यायलो, तो वहीत 'सोयी' या रकान्यात टाकला आहे.

तुडवलेला रस आंबला की भाणात, म्हणजे गाळायच्या भांड्यात, चढतो. पहिल्या धारेचा उर्राक, साधारण पंधरा टक्क्यांचा. तो पुन्हा आंबलेल्या रसाबरोबर चढवला की फेणी, चाळिशी ओलांडणारी. उर्राक फक्त या दिवसांत मिळतो, म्हणून सध्या प्रत्येक तावेर्नमध्ये लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची तयार. पावसाला तोंड लागलं की संपला.

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेय ठरवलं. त्यानंतर पणजीत देखण्या बाटल्या आल्या, तशाच देखण्या किमतीही. मला त्याचं वावडं नाही. भट्टीवाल्याला चार पैसे जास्त मिळावेतच. पण जुन्या टाइल्स आणि पिवळे दिवे लावून परवा उघडलेल्या 'तावेर्ना'त वेटरला मी आमचा प्रश्न विचारला, तेव्हा तो मेन्यूकार्ड घेऊन आला. ती नोंद वहीत शेवटच्या पानावर, वेगळी.

उद्या डिचोलीकडे. घरच्या भट्टीची फेणी आपल्याच काउंटरवर विकणारी एक बाई तिथे आहेत, असं इथल्या भट्टीवाल्याने सांगितलंय.

ता. क. — बाटली आणायला सांगू नका, बांद्याला तपासणी असते. काकूंना मात्र काजूगर आणतोय, तसं त्यांना सांगा.

तुमचा,
बाळू