वडकऱ्याच्या मातीत मर्माचा पहिला धडा

विहाराच्या अंगणात मुलामुलींना कराटे शिकवायला लागून आम्हा दोघा नवराबायकोंना पुष्कळ वर्षे झाली. काळा पट्टा मिळालेला, म्हणून आठ दिवसांत मर्मावरचे चार ठोसे शिकून परतू, या हिशेबाने जुलैत कुर्ल्याहून नेत्रावती एक्स्प्रेसने निघालो. दुसऱ्या दिवशी उत्तर केरळातल्या वडकरा स्टेशनवर उतरलो, तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता. तिकडे हाच शिकण्याचा हंगाम.

कळरी म्हणजे जमिनीत खणलेला आखाडा. जुन्या मापाने ४२ फूट लांब, २१ फूट रुंद, दार पूर्वेला. नैर्ऋत्य कोपऱ्यात सात पायऱ्यांचा ओटा, तिथे दिवा लावून पूजा होते. आमची पावले तिथेच अडली. बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आम्ही! गुरुक्कळांना (तिकडे वस्तादाला असे म्हणतात) सरळ सांगितले, "आम्ही बौद्ध आहोत. तुमचा मान ठेवू, पूजा करणार नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मोडक्या हिंदीत म्हणाले, "मातीला हात लावून कपाळाला लावाल?" माती ती माती. लावली. जात त्यांनी विचारली नाही. आमच्या आडनावावरून त्यांना काही कळण्यासारखेही नव्हते.

या मुलखातली लोकगीते ज्यांचे पराक्रम गातात ते चेकवर थिय्या समाजाचे. वरच्या जातीच्या धनिकांची भांडणे मिटवायला हे तलवार घेऊन लढत, मरत. आणि त्याच समाजाला वाटेवर नंबुद्री ब्राह्मणापासून दूर उभे राहावे लागे. त्या गीतांतली उण्णियार्चा तर बाई. आजच्या वडकऱ्याच्या मीनाक्षी अम्मा सातव्या वर्षी कळरीत उतरल्या, २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बोधिधर्माने ही विद्या चीनला नेली असे आपल्याकडे हौसेने सांगतात, पण त्याला जुना पुरावा नाही. आम्हीही वर्गात तेच सांगत होतो, आता थांबवले.

मर्म मात्र मिळेना. तीन दिवस नुसते कमरेतून खाली बसून चालणे. मांड्या भरून आल्या, काळा पट्टा पिशवीतच राहिला. चौथ्या दिवशी गुरुक्कळांनी हाताला तेल लावून अंगठा आणि तर्जनी यांच्या मधे दाबले. कळ खांद्यापर्यंत गेली. हे क्षिप्र मर्म. सुश्रुतसंहितेत अशी १०७ मर्मे मोजली आहेत, ती शस्त्रक्रिया करणाऱ्याने तिथे जपावे म्हणून. आणि माप ज्याचे अंग त्याच्याच बोटांचे.

आम्ही विचारले, "समोरचा हलत असताना बोटभर जागा सापडणार कशी?"

ते हसले. बाहेर ओसरीवर खांदा निखळलेला एक हमाल बसला होता, त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आधी शंभर अंगांना तेल लावा. उतरवता येत नाही ते चढवायचे नाही."

आठ दिवसांत एक मर्म आणि पाय चोळण्याची रीत, एवढेच घेऊन आलो. रविवारी वर्गातल्या पोरांनी गराडा घातला, "सर, माणूस बेशुद्ध कसा पाडायचा?" आम्ही तेलाची बाटली पुढे ठेवली आणि जोड्या लावल्या.